इथे आलो २

माझ्या संगणकात १ मिनिट ५२ सेकंदांची एक ध्वनिफीत आहे. खरे तर ती तिथे असायला नको, कारण मदतकेंद्रावर आलेल्या फोनची मुद्रणे ठरावीक दिवसांनी पुसून टाकावीत असा आमचाच नियम आहे. पण ही एक मी बाजूला काढून ठेवली आणि पुसायची राहून गेली, असे मी स्वतःला सांगत असते. एका शिक्षणसंस्थेच्या वसतिगृह-प्रवेशाचे अर्ज भरून घेणारे संकेतस्थळ आम्ही सांभाळतो. जूनमधल्या एका दुपारी, मुदत संपायला दोन दिवस उरले असताना, बार्शीकडच्या एका गावातून एका बाईंचा फोन आला. मागे कुकरची शिट्टी होते, एक मुलगी ‘आई, मागं नको जाऊ, भरलेलं सगळं जाईल’ असे काहीसे म्हणते, आणि बाई अतिशय शांतपणे सांगतात, ‘‘ताई, अर्ज पाठवायचं बटण दाबलं तर पांढऱ्या पडद्यावर बारीक अक्षरात काहीतरी आलंय. वाचून दाखवू का?’’ मदतकेंद्रातली मुलगी ‘वाचा’ म्हणते. मग बाई वाचू लागतात. ॲरे, कंस, चौकोनी कंस, सरनेम, बरोबरचे चिन्ह, त्याला टोक, मग त्यांचे स्वतःचे आडनाव. पुन्हा चौकोनी कंस, इन्कम, मग नवऱ्याचे वार्षिक उत्पन्न. उत्पन्नाचा आकडा वाचताना त्यांचा आवाज किंचित खाली जातो. शेवटी त्या म्हणतात, ‘‘आणि सगळ्यात खाली इंग्रजी अक्षरांत पण मराठीच लिहिलंय, इथे आलो दोन. कोण आलंय, ताई?’’

मुलीला उत्तर देता आले नाही. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली की तांत्रिक अडचण आहे, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. बाई म्हणाल्या, ‘‘बरं, मग मी नंतर भरते.’’ तिथे ध्वनिफीत संपते.

जो आला होता तो माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला होता. दीड वर्षापूर्वी आमच्याकडे लागलेला, मान खाली घालून काम करणारा, चुका लपवत नाही म्हणून मला आवडणारा मुलगा. सकाळपासून काही अर्ज ‘नाव जुळत नाही’ असे सांगून परत येत होते आणि बाकीचे सुरळीत जात होते. त्यात काही सूत्र दिसत नव्हते आणि चाचणीच्या सर्व्हरवर तर एकही अर्ज अडकत नव्हता. तीन तास झटल्यावर तो माझ्याजवळ आला. ‘‘मॅडम, टेस्टवर येतच नाहीये. लाइव्हवर दोन ओळी टाकून बघू का? फक्त माझ्याच आयपीला दिसेल अशी अट घालतो.’’ गेली कित्येक वर्षे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी मी सांगत आले आहे की चालत्या, म्हणजे लाइव्ह, सर्व्हरवर शोधाशोध करायची नाही, एका ओळीचीही नाही, आणि तसे मला विचारायचेही नाही. त्या दिवशी संस्थेच्या कार्यालयातून दर वीस मिनिटांनी फोन येत होता, माझे जेवण झाले नव्हते, आणि त्याच्या बोलण्यातली ती अट मला समंजस वाटली.

‘‘बघ,’’ मी म्हणाले, ‘‘पण पटकन.’’

त्याने ज्या पद्धतीने ते केले त्यात निष्काळजीपणा नव्हता, हेच मला नंतर जास्त लागले. कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, कुठपर्यंत पोहोचतो ते कळावे म्हणून आम्ही सगळेच मध्ये मध्ये खुणा पेरतो. कुणी ‘हिअर’ लिहितो, कुणी नुसते आकडे टाकतो, हा ‘इथे आलो १’, ‘इथे आलो २’ असे लिहितो. दुसऱ्या खुणेपाशी त्याने अर्जातली सगळी माहिती पडद्यावर छापली आणि पुढचे काम तिथेच थांबवले. हे फक्त स्वतःला दिसावे म्हणून त्याने सर्व्हरच्या नोंदवहीतून आपला आयपी, म्हणजे आपल्या संगणकाचा जाळ्यावरचा पत्ता, पाहून अटीत घातला. पण आमच्या सर्व्हरपुढे एक लोड बॅलन्सर बसवलेला आहे. बाहेरून येणारा प्रत्येक जण त्याच्यामार्फत आत येतो आणि आतल्या सर्व्हरला प्रत्येकाचा पत्ता म्हणून बॅलन्सरचाच पत्ता दिसतो. म्हणजे त्याने दारावर लिहिले होते ‘फक्त माझ्यासाठी’, आणि त्या दाराच्या दृष्टीने येणारा प्रत्येक जण तोच होता. तीन मिनिटांनी त्याने दोन्ही ओळी काढल्या. तेवढ्यात ११ जणांनी अर्ज पाठवायचे बटण दाबले होते. दहा जणांनी बहुधा मुकाट्याने मोबाइल खाली ठेवला असेल. नोंदवहीत त्या अकराही विनंत्यांसमोर २०० हा आकडा आहे, म्हणजे सर्व्हरच्या मते सगळे ठीक पार पडले.

मी त्याला रागावू शकले नाही, कारण ‘बघ’ मी म्हणाले होते. आणि दुसरे एक कारण आहे, ते कबूल करायला मला थोडा वेळ लागला. त्या तीन मिनिटांत मी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी होते, आणि मला मजा येत होती.

ही मजा जुनी आहे. २००५ साली मी पुण्यात नारायण पेठेतल्या एका छोट्या कंपनीत लागले, तेव्हा ‘लाइव्ह’ हा शब्दच आमच्या तोंडी नव्हता, कारण लाइव्ह नसलेले असे काही आमच्याकडे नव्हतेच. जिन्याखाली छापखाना, वर आमच्या दोन खोल्या, शाईचा वास थेट कीबोर्डपर्यंत यायचा. एफटीपीच्या, म्हणजे फायली इकडून तिकडे पाठवायच्या साधनाच्या, खिडकीत डावीकडे आपला संगणक आणि उजवीकडे हजारो मैलांवरचा भाड्याचा सर्व्हर. उजवीकडची फाइल उघडायची, बदलायची, जतन करायची, ‘वर चढवू का’ या प्रश्नाला होकार द्यायचा आणि पान ताजे करायला एफ-५ दाबायचे. ग्राहक फोनवरच असायचा. ‘‘आता बघा. दिसलं? नाही? थांबा. आता?’’ आणि पलीकडून ‘‘आलं, आलं!’’ असा आवाज आला की शाळेच्या स्नेहसंमेलनात पडदा वेळेवर उघडल्यासारखा आनंद होत असे. आपण बोट हलवले आणि जग बदलले, हा अनुभव फार थोड्या कामांत मिळतो. पुढे नियम आले, शिस्त आली, बदल तपासून घेण्याच्या पायऱ्या आल्या, आणि आज एक अक्षर बदलायचे म्हटले तरी ते लोकांपुढे जाईपर्यंत दुपार होते. हे योग्यच आहे. पण त्या पायऱ्या चढताना ‘‘आलं, आलं!’’ मागे राहिले, आणि मला ते आठवते.

त्या दोन खोल्यांत सहा जण एकाच सर्व्हरवरच्या त्याच फायलींवर काम करत. एकाने केलेला बदल दुसऱ्याच्या जतन करण्याने पुसला जाऊ नये म्हणून आमची एकच व्यवस्था होती, ओरडणे. ‘‘लॉगिन मी घेतलीय!’’ असे कुणी ओरडले की ती सुटेपर्यंत बाकीच्यांनी लॉगिनच्या फाइलला हात लावायचा नाही. जेवायला जाताना फाइल सोडायला विसरलेल्या माणसाला शोधायला आम्ही खालच्या अमृततुल्यापर्यंत गेलेलो आहोत. सर्व्हरवर इंडेक्स-जुनी, इंडेक्स-नवी, इंडेक्स-फायनल, इंडेक्स-फायनल-२ अशी पिलावळ असायची आणि त्यांतली खरी कोणती हे एकट्या आमच्या सरांना ठाऊक असायचे. ही पिलावळ नुसती कुरूप नव्हती, धोक्याचीही होती. फाइल बदलायची काही साधने ती जतन करताना तिची जुनी प्रत शेजारी ठेवतात आणि नावाच्या शेवटी एक लाटेसारखे चिन्ह जोडतात. पीएचपी या आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली, नावाच्या शेवटी तेच लिहिलेली फाइल कुणी मागितली तर सर्व्हर ती चालवतो आणि फक्त निकाल दाखवतो. पण शेवटी ती लाट असली की हा कार्यक्रम आहे हे त्याला कळत नाही, आणि तो ती साधा मजकूर समजून जशीच्या तशी हवाली करतो. डेटाबेसच्या पासवर्डाची आमची फाइल अशी कित्येक महिने कुणीही मागावी आणि घेऊन जावी अशा अवस्थेत पडून होती. कुणी मागितली का, हे पाहण्याची अक्कलही आम्हाला तेव्हा नव्हती.

त्यानंतरच्या नोकरीतला एक प्रसंग मी नव्या मुलांना नेहमी सांगते, कारण त्यावर ती हसतात आणि हसल्यामुळे लक्षात ठेवतात. तिथे मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब-सर्व्हरवर एक मोठे संकेतस्थळ चालत असे. एका सहकाऱ्याने आपल्या टेबलावरचा डीबगर, म्हणजे दोष शोधायचे साधन, थेट त्या चालत्या प्रक्रियेला जोडला आणि एका ओळीवर ब्रेकपॉइंट, म्हणजे इथे थांब अशी खूण, ठेवली. डीबगर अशा वेळी ती एकच विनंती थांबवतो असा त्याचा समज होता. प्रत्यक्षात तो सगळी प्रक्रियाच जागच्या जागी गोठवतो. ज्याची विनंती त्या ओळीवर आली तो थांबतोच, पण त्याच्याशी काहीही संबंध नसलेले बाकीचे सगळेही थांबतात. ती खूण लागली तेव्हा हा गृहस्थ नेमका चहाला उठला होता. आयआयएस आपल्या प्रक्रियेला अधूनमधून हाक मारतो, आणि दीड मिनिटात ओ आली नाही तर ती मेली असे समजून तिला संपवतो आणि नवी उभी करतो. तसेच झाले. चहा पिऊन तो परत आला तेव्हा डीबगर सुटलेला होता, संकेतस्थळ मजेत चालत होते, आणि तो आम्हाला म्हणाला की काही विशेष सापडले नाही. मधल्या काळात कित्येक लोकांच्या पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिले होते, आणि लॉगिनची माहिती त्या प्रक्रियेच्याच स्मृतीत असल्यामुळे सगळे एकदम बाहेर फेकले गेले होते. तक्रारी आल्या, तेव्हा त्या शोधून काढण्याचे काम त्यालाच दिले गेले.

माझे वडील वीज मंडळात लाइनमन होते, तासगावला. मंडळाच्या कंपन्या झाल्या त्या २००५ सालीच मी कामाला लागले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ते निवृत्त झाले. लहानपणी सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या सायकलीवर मागे बसून जात असे आणि खांबाखाली पिशवी धरून उभी राहत असे. डीपीपाशी गेल्यावर ते लाइन बंद करीत, पेटीतून चिनी मातीचे पांढरे फ्यूज ओढून काढीत आणि पेटीत किंवा जमिनीवर न ठेवता आपल्या खाकी पिशवीत टाकीत. ती पिशवी माझ्या हातात असे. आपण वर असताना कुणी लाइन चालू करायची म्हटली तरी करता येऊ नये, म्हणून फ्यूज आपल्याजवळ. एवढे झाल्यावरही ते तारा आधी जमिनीशी जोडीत आणि मगच हात लावीत. एकदा एक पिठाच्या गिरणीवाला खाली येऊन उभा राहिला. गिऱ्हाइके खोळंबली होती. ‘‘अण्णा, दोन मिनिटांचं काम हाय, चालूवरच करा की,’’ तो म्हणाला. वडील वरून म्हणाले, ‘‘दोन मिनिटांचं हाय, तर दोन मिनिटं दम धर.’’ गावात झिरो वायरमन होते, कुठलाही परवाना नसलेले, चालू तारेवर काम करणारे, आणि लोकांना तेच अधिक हुशार वाटत. वडिलांना भित्रा म्हणत. मलाही तेव्हा ते थोडे भित्रे वाटत.

या आठवणीची उपमा मी माझ्या कामाला फारशी लावत नाही, लाज वाटते. तिथे माणूस जातो. इथे फार तर एक अर्ज अडकतो. पण एक गोष्ट मला त्यांच्याकडूनच कळली. फ्यूज काढल्यावर तारा जमिनीशी का जोडायच्या, असे मी विचारले होते, तेव्हा त्यांनी गावच्या मंगल कार्यालयाकडे बोट दाखवले. लाइन गेली की तिथे जनरेटर सुरू होतो, आणि जोडणी नीट केलेली नसेल तर त्याची वीज उलटी वाहत खांबापर्यंत येते. बंद तार बंदच आहे असे धरून चालायचे नाही. आमच्या चाचणीच्या सर्व्हरवर पुढे नेमके हेच घडले. एका पतसंस्थेचे काम होते. चाचणी खरी वाटावी म्हणून आम्ही चालू डेटाबेसची पूर्ण प्रत चाचणीच्या यंत्रावर आणली आणि हप्त्याची आठवण देणारा भाग रात्री चालवून पाहिला. एसएमएस पाठवणारी जोडणी खरीच राहिली होती. रात्री अकराच्या पुढे शेकडो कर्जदारांचे मोबाइल वाजले, त्यांतल्या कितीतरी जणांचे कर्ज केव्हाच फिटलेले होते. दुसऱ्या दिवशी पतसंस्थेच्या दारात माणसे उभी होती, काही चिडलेली, काही खरोखर घाबरलेली. २०२१च्या जूनमध्ये चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या एचबीओ मॅक्सच्या असंख्य ग्राहकांना ‘इंटिग्रेशन टेस्ट ईमेल क्रमांक १’ अशा मथळ्याचे एका ओळीचे पत्र गेले आणि कंपनीने ती चूक एका शिकाऊ उमेदवाराची असल्याचे सांगितले, तेव्हा जगभरच्या लोकांनी त्या मुलाला आपापल्या चुका कळवून धीर दिला होता. ते वाचून मला हसू आले, आणि मग त्या पतसंस्थेच्या पायरीवर बसलेले एक आजोबा आठवले.

चाहत्यांकडून कलावंतांना पैसे मिळवून देणाऱ्या पेट्रिऑन या संकेतस्थळाचे २०१५ साली जे झाले ते याच उलट्या विजेचे मोठे रूप होते. त्यांच्या संकेतस्थळाची डीबगसाठीची, म्हणजे दोष शोधण्यासाठीची, एक आवृत्ती बाहेरच्या जगाला दिसत राहिली होती, आणि तिच्याजवळ खऱ्या डेटाबेसची प्रत होती. डीबगचे पान हे स्वभावाने भाबडे असते. काय चुकले, कोणत्या ओळीत चुकले, त्या क्षणी कोणत्या नावाखाली कोणती किंमत होती, सगळे ते विचारण्याआधी सांगते. काही साधने तर तिथल्या तिथे नवी आज्ञा लिहून चालवायचीही सोय देतात. आपण एकटे आहोत आणि समोरचा आपला माणूस आहे हे त्याने गृहीत धरलेले असते. सुमारे २३ लाख ईमेल पत्ते त्यातून बाहेर गेले. त्यानंतर त्या लोकांनी असली सगळी यंत्रे भिंतीआड नेली. पीएचपीबरोबर मांडणीच्या दोन नमुना फायली मिळतात, एक घडवतानाची आणि एक चालवतानाची. पहिलीत चुका पडद्यावर दाखवायचे ‘चालू’ असते, दुसरीत ‘बंद’. त्या भाबडेपणाला घरातच ठेवण्याचा हा सगळा खटाटोप आहे.

या विषयावरचे जे वृत्तान्त मी पुन्हा पुन्हा वाचते, त्यांतला पहिला गिटलॅबचा, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचे काम सांभाळून ठेवणाऱ्या कंपनीचा, आहे. ३१ जानेवारी २०१७. दोन डेटाबेस सर्व्हर, पहिला मुख्य, दुसरा त्याची सोबतीची प्रत. प्रत मागे पडत होती, ती पूर्ववत करण्यासाठी एक अभियंता रात्री उशिरापर्यंत झटत होता. दुसऱ्यावरची फोल्डर रिकामी करायची होती. त्याने आज्ञा दिली आणि एकदोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले की ही खिडकी पहिल्या सर्व्हरची आहे. आज्ञा थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले ४.५ जीबी उरले होते. मग एकेक राखीव प्रत पाहायला घेतली तर रोजची प्रत घेणारे साधन जुन्या आवृत्तीचे असल्यामुळे ते निमूटपणे अपयशी ठरत होते, आणि अपयशाची सूचना देणारी पत्रे वाटेतच नाकारली जात होती. वाचवले ते सहा तासांपूर्वीच्या एका प्रतीने, जी त्याच अभियंत्याने त्या दिवशी चाचणीच्या यंत्रासाठी म्हणून काढून ठेवली होती. ती धिम्या चाचणी-यंत्रावरून परत आणायला जवळजवळ अठरा तास गेले, आणि ते सगळे त्यांनी लोकांना यूट्यूबवर थेट पाहू दिले. त्या माणसाचे नाव मात्र त्यांनी लिहिले नाही. वृत्तान्तात तो ‘टीम-मेंबर-१’ आहे. मला त्या दोन शब्दांतली माया आवडते. पुढच्या उपायांच्या यादीत एक साधी गोष्ट होती, की प्रत्येक खिडकीत आपण कोणत्या यंत्रावर आहोत हे ठळकपणे ओळखू यावे. तो वृत्तान्त वाचला त्याच दिवशी मी आमच्या लाइव्हच्या खिडक्यांना लाल रंग दिला.

बरोबर चार आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीला, ॲमेझॉनच्या एस-३ या साठवणसेवेत बिलांची प्रणाली मंद का झाली आहे हे शोधत असताना एका अधिकृत माणसाने ठरलेल्या कार्यपद्धतीतली आज्ञा दिली आणि तिच्यातला एक तपशील चुकला. थोडेसे सर्व्हर बाजूला काढायचे होते, भलतेच जास्त निघाले, आणि अमेरिकेतली असंख्य संकेतस्थळे काही तास लंगडली. सेवा चालू आहे की बंद हे सांगणारा ॲमेझॉनचा फलकही त्याच सेवेवर टेकलेला असल्यामुळे तो दोन तास खरी स्थिती दाखवू शकत नव्हता. मोठ्या लोकांच्या या चुका वाचून मला बरे वाटते हे मी लपवत नाही.

पण प्रत्येक वृत्तान्तात मला आमच्या मुलाचा तो चेहराही दिसतो, ‘टेस्टवर येतच नाहीये’ असे म्हणणारा. कारण ते खरे असते. चाचणीचा सर्व्हर कधीच खऱ्यासारखा नसतो. तिथे शंभर नावे असतात, बहुतेक ‘टेस्ट टेस्ट’ आणि ‘अबक’ अशी. जन्मतारीख सगळ्यांची १ जानेवारी. उत्पन्न एक लाख. कुणी अर्धा अर्ज भरून भाकरी उलटायला उठत नाही, कुणाच्या गावात रेंज जात नाही. म्हणून लाइव्हचा मोह होतो, कारण दोष तिथेच राहतो. आणि दोष शोधणे हे काम मुळात वेड्यासारखे वागण्याचे आहे. असंबद्ध खुणा पेरायच्या, चांगली चालणारी ओळ उगाच मोडून पाहायची, स्वतःलाच ‘इथे आलो’ असे सांगत अंधारात भिंत चाचपडत जायचे. त्याला एकांत लागतो. लाइव्हवर सगळे मिळते, तेवढे मिळत नाही. मध्य रेल्वेसुद्धा रुळांवर माणसे उतरवायची तर रविवारचा मेगाब्लॉक घेते, आदल्या दिवशी छापून आणते, शिव्या खाते. आम्ही मात्र गाडी धावत असताना रुळावर वाकून पाहतो आणि म्हणतो, एकच खिळा आहे.

त्या दुपारी वाकून पाहिल्यावर काय दिसले, ते सांगायचे राहिले. आपल्या भाषेतला तो चंद्रकोरीसारखा र, कुऱ्हाडे या आडनावात किंवा कऱ्हाड या गावाच्या नावात येतो तो, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या सर्वमान्य सांकेतिक यादीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत त्याच्यासाठी असलेले वेगळे अक्षर वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. कोणत्या कीबोर्डावर टंकले यावर ते ठरते. संस्थेने दिलेल्या जुन्या यादीत नावे एका तऱ्हेने लिहिलेली होती आणि मुलांच्या मोबाइलवरून ती दुसऱ्या तऱ्हेने येत होती. आमच्या ‘अबक’ला असला र कुठून असणार? अडकलेले सगळे अर्ज या एका वळणाचे होते, आणि आम्हा दोघांची आडनावे साधी असल्यामुळे आम्हाला ते सूत्र दिसत नव्हते. लाइव्हवर पेरलेल्या त्या खुणेने दोन्ही नावे पडद्यावर छापून दाखवली, तेव्हा तो मुलगा मान वळवून मला म्हणाला, ‘‘मॅडम, दोन्ही सारखीच दिसताहेत.’’ डोळ्यांना ती सारखीच दिसणार होती, कितीही वेळ पाहिली असती तरी. खरा उलगडा संध्याकाळी झाला, एका अडकलेल्या नावाचे बाइट, म्हणजे अक्षरांमागचे संगणकाचे आकडे, त्याने चाचणीच्या यंत्रावर आणून एकेक करून मोजले तेव्हा. शेंगदाणे खात, घाई न करता, वीस मिनिटांत.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही काही गोष्टी बदलल्या. चाचणीच्या यादीत आता कुऱ्हाडे आहेत, ‘ज्ञ’ने सुरू होणाऱ्या दोन मुली आहेत, आणि फक्त एकच नाव लावणारा एक मुलगा आहे. ‘इथे आलो’ पडद्यावर न येता सर्व्हरच्या आतल्या नोंदवहीत जाते. मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेसमध्ये अट न घातलेला बदल नाकारणारा एक पर्याय आहे, ज्याचे अधिकृत दुसरे नाव ‘आय ॲम अ डमी’ असे आहे. तो मी माझ्यासाठी कायमचा लावून घेतला. आणि लाइव्हच्या डेटाबेसकडे थेट जाण्याची परवानगी सगळ्यांची काढली, सर्वांत आधी माझी. आता काही पाहायचे असेल तर एक विनंती भरावी लागते. कोणता तक्ता, किती वेळ, कशासाठी, आणि ती दुसऱ्या कुणीतरी मंजूर करावी लागते.

मागच्या रविवारी मी ती विनंतीची खिडकी उघडली. बाईंनी नंतर अर्ज भरला का, एवढेच मला पाहायचे होते. तक्त्याचे नाव लिहिले, वेळ पाच मिनिटे लिहिली. मंजुरी देणाऱ्याच्या जागी पाळीप्रमाणे त्या मुलाचे नाव आपोआप आले होते. ‘कारण’ या रकान्यात मी आधी ‘तपासणी’ लिहिले आणि खोडले. मग ‘एका अर्जाची स्थिती’ असे लिहिले, तेही खोडले, कारण कुणाचा अर्ज आणि कशावरून, असे त्याने विचारले असते आणि मला ती फीत त्याला ऐकवावी लागली असती. वसतिगृह केव्हाच सुरू झाले आहे. मुलगी तिथे असेल किंवा नसेल. मी खिडकी बंद केली. फीत अजून पुसलेली नाही.